स्कोअर बिघडला तो उन्हाळा

नांदेड शहर आणि पंचक्रोशीतल्या तमाम कूलरधारक बंधुभगिनींना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येतं, की कूलरचं गवत बाजारात आलेलं आहे. हे निवेदन मी पूर्ण शुद्धीवर असताना आणि कुणाच्याही दबावाला बळी न पडता करतो आहे. ज्यांना त्याचं गांभीर्य कळत नसेल त्यांनी एप्रिलमध्ये एकदा आमच्याकडे यावं, जेवण झाल्यावर भर दुपारी पत्र्याखाली बसावं आणि मग माझ्याशी बोलावं. बोलायची ताकद उरली तर.

काल तो वास आला. जुन्या मोंढ्याकडून येताना रस्त्याच्या कडेला एक माणूस गवताचा ढीग मांडून बसला होता. गिऱ्हाइकाला भुलवायला त्याने एका ताटीवर तांब्याभर पाणी मारलं होतं. वाळलेल्या गवताला पाणी लागलं की जो वास सुटतो, त्याने इतरांना गार वाटतं. मला मात्र त्या वासाबरोबर संशय येतो. अमुक एका गोष्टीचा असा नाही, सगळ्याचाच. गाडी चालवता चालवता मी आधी खिसा चाचपला, मग फोन चाचपला, मग आरशात मागून येणाऱ्याला नीट बघून घेतलं. मागून दूधवाला येत होता. त्याचाही चेहरा मला पूर्ण स्वच्छ वाटला नाही.

याला कारण गेल्या वर्षीचा उन्हाळा. त्या उन्हाळ्यात मी ओळखीच्या प्रत्येक माणसावर संशय घेतला, आणि खोटं कशाला बोलू, त्यातले काही दिवस फार मजेत गेले.

मुळात आमचा कूलर समजून घेतला पाहिजे. तो दुकानात मिळतो तसला प्लास्टिकचा, चाकांवर फिरणारा, मवाळ कूलर नाही. आमच्या लग्नात सासऱ्यांनी लातूरच्या एका पत्राकाम करणाऱ्याकडून तो बनवून घेतला. कपाटाएवढा. चालू झाला की तालुक्याला जाणारी बस सुटल्यासारखा आवाज करतो आणि त्याच्यासमोर बसलेल्या माणसाला दहा मिनिटांत गोधडी मागायला लावतो. फक्त त्याला साजेशी खिडकी भाड्याच्या घराला कधी नसते. आम्ही घरं बदलत गेलो आणि कूलर दर घरात कुठेतरी अडून राहिला. कुठे तो गॅलरीत उभा राहून शेजाऱ्यांना गार करत होता, कुठे दारात. दारात असला की घरात शिरणाऱ्याला अंग चोरून, ओला होऊन आत यावं लागे. एका घरमालकाने खिडकीचे गज कापायला साफ नकार दिला आणि तो अख्खा उन्हाळा आमच्या मंगलने, म्हणजे माझ्या बायकोने, कूलरमध्ये कांदे ठेवले.

म्हणून आम्ही जेव्हा पहिल्यांदा विकतचं घर बघायला निघालो, तेव्हा मी नळ, पाणी, रस्ता, कागदपत्रं असले पुरुषी प्रश्न विचारत होतो आणि मंगल सरळ मागच्या खोलीत जाऊन खिडकी मोजत होती. विती टाकून. तरोड्याकडचं ते रो-हाऊस एका निवृत्त मास्तरांचं होतं. मास्तर मुलाकडे पुण्याला चालले होते. मागच्या खोलीला विहिरीच्या बाजूने एक रुंद खिडकी होती, कशासाठी केली होती ते मास्तरांनाही आठवत नव्हतं. मंगलने शेवटची वीत टाकली, हात तसाच भिंतीवर ठेवून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बसतो."

मास्तरांना वाटलं, मी बसतो का असं ती विचारतेय. त्यांनी मला खुर्ची दिली.

घर ठरलं ते असं. इसार दिला. मास्तर म्हणाले, "मृग लागेपर्यंत मी दुसऱ्या कुणाला दार उघडणार नाही. पुढचं मात्र सांगत नाही. तिकडं जागेचे पैसे भरायचेत मला." मृगाला भरपूर दिवस होते. कॉलेजच्या ऑफिसातली माझी नोकरी पक्की, पगार वेळेवर, दाढी स्वच्छ. कर्ज न मिळायला झालं होतं काय?

बँकेतल्या मॅडम वयाने आमच्या पुतणीएवढ्या होत्या. त्यांनी संगणकावर माझं नाव टाकलं, थोडं वाचलं आणि डॉक्टर जसे एक्स-रे खिडकीकडे धरून गप्प होतात तशा गप्प झाल्या.

"सर, तुमचा स्कोअर कमी दिसतोय."

"कसला स्कोअर?"

"क्रेडिट स्कोअर. कर्ज वेळेवर फेडलं का, किती घेतलं, यावरून ठरतो. तीनशेपासून नऊशेपर्यंत असतो."

म्हणजे काहीच न करणाऱ्यालाही तीनशे मिळतात, हे ऐकून मला बरंच वाटलं. आमच्या वेळी एवढी उदार परीक्षा नव्हती. पण मॅडमच्या चेहऱ्यावर औदार्य नव्हतं. मला सहाशेच्या आत होते. साडेसातशेच्या पुढे असतील तर बँक दार उघडते. "तुमचा पूर्ण रिपोर्ट काढून बघा सर, कुठलं तरी जुनं प्रकरण असेल. पॅन नंबर टाकला की मोबाईलवरच मिळतो," त्या म्हणाल्या.

मोबाईलवर. पॅन नंबर. टाका.

सकाळ-संध्याकाळ जो फोन मला बजावतो की कुणी पॅन मागितला तर देऊ नका, त्याच फोनमध्ये मी पॅन टाकायचा? मी मॅडमकडे निरखून पाहिलं. गळ्यात ओळखपत्र होतं, पण ओळखपत्र काय, कुणीही छापून घेतं. मी हसून उठलो आणि मनाशी ठरवलं, रिपोर्ट वगैरे काही नको. आपला गुन्हेगार आपण शोधायचा.

आता हे प्रकरण ऑफिसात सांगायला नको होतं. पण आमच्याकडे शेजारच्या लातूरची हवा सगळ्यांच्या अंगात भिनलेली. पोरगं दहावीला बसलं की आईबाप क्लास शोधायला लातूरच्या गल्ल्या पालथ्या घालतात. त्यामुळे कुठलाही आकडा ऐकला की माणसाला निकालच वाटतो. हेडक्लार्कनी चष्मा वर करून विचारलं, "किती पडले?"

"सहाशेच्या आत."

"आन कटऑफ?"

"साडेसातशे म्हणतात."

"मंग एक वर्ष रिपीट करा," ते सहानुभूतीने म्हणाले. "आमच्या भाचीनं बी केलतं."

त्यांनीच मला लातूरच्या एका माणसाचा पत्ता दिला. क्लासच्याच गल्लीत, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या माडीवर, तो लोकांचे स्कोअर वाढवून देतो म्हणे. मी गेलो. माडीवर पंखा होता, टेबल होतं आणि टाय बांधलेला एक तरुण होता. एप्रिलमध्ये लातूरात टाय बांधणाऱ्या माणसावर पहिल्या पायरीपासूनच संशय घ्यायला हवा. त्याने मला पाणी दिलं, 'सर' म्हटलं, पंधरा दिवसांत साडेसातशे करून देतो म्हणाला. भिंतीवर फोटो होते, हार घातलेली, पेढा खाणारी माणसं. क्लासवाले लावतात तसेच.

"हे कोण?" मी विचारलं.

"आपलेच सक्सेसफुल कँडिडेट, सर."

त्यातला एक फोटो मी नीट पाहिला. तो माणूस पेढा खात नव्हता, कुणाच्या तरी साखरपुड्यात पंगतीला बसला होता. तेवढ्यात टायवाला म्हणाला, "सर, फोनवर एक नंबर आला असंल, तेवढा सांगा." मी जिना उतरताना चप्पल हातात घेतली होती, हे मला रसवंतीपाशी येऊन कळलं.

बाहेर रणरणतं ऊन, आणि मी उसाचा रस पीत उभा. रसवाल्याने सुट्टे परत दिले. मी ते मोजून घेतले. पुन्हा मोजले. तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानेही माझी नोट उजेडात धरून पाहिली. संशय असा उष्टा होतो, एकाचा दुसऱ्याला लागतो.

घरी तर फारच रंगत आली होती. मला वाटत होतं, माझ्याच नावाच्या दुसऱ्या कुणीतरी हा घोटाळा केला असेल. आमच्या भागात एका नावाला हाक मारली तर बसमधून चार जण उतरतात. मी ओळखीच्या सगळ्या नावबंधूंना आठवून बघितलं, त्यांची तोंडं डोळ्यांपुढे आणली. एकाने नवीन मोटारसायकल घेतली होती. त्याच्या गल्लीतून मी विनाकारण दोन-तीन चकरा मारल्या.

मंगलची तपासाची दिशा वेगळी होती. नवऱ्याने आजवर कर्ज घेतलेलं नाही, तरी बँक म्हणते घेतलं आणि नीट फेडलं नाही. म्हणजे घेतलं ते कुणासाठी? तिने आधी माझे शर्ट धुवायच्या आधी खिसे बघायला सुरुवात केली. मग ती भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "आवो, एक इचारू?"

"विचार की."

"खरं सांगा. कुठं दुसरं बिऱ्हाड तर न्हाई ना तुमचं?"

"अगं, ह्या एका बिऱ्हाडाला खिडकी मिळेना मला."

"त्येच म्हणलाले मी. पैसा जायलाय कुठं?"

भाकरी जरा जास्तच जोरात तव्यावर पडली. मी ताट पुढे ओढलं. कूलर दारात उभा राहून घरघरत होता, आणि मला शपथेवर सांगता येईल, त्याचाही सूर तिच्याच बाजूचा होता.

आज ते सगळं आठवतं तेव्हा मला हसू येतं, पण त्यामागे एक दुखरी जागा आहे. मृग जवळ येत होता. मंगल दर दोन दिवसांनी मास्तरांच्या घरावरून भाजीला जायची. ते घर मंडईच्या वाटेवर नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "तिकडं मेथी बरी मिळती." मेथीच्या जुड्या बऱ्याच झाल्या आणि एक दिवस ती म्हणाली, "आज दारात गाडी होती परभणीची. बघायला आले आसतील कुणी." मेथी निवडत बसली, आणि निवडलेल्या काड्याच परत परत निवडत राहिली.

मग मला फ्रीझर आठवला.

आपल्या लोकांत पगारपत्रक ही एकट्याच्या मालकीची वस्तू नसते. लग्नकार्यातलं मोठं पातेलं जसं ज्याच्या घरी असेल त्याच्याकडून सगळी भावकी मागून नेते, तसं एका घरातला नोकरीवाला सगळ्यांच्या कामाला येतो. त्याच्या नावावर वस्तू घेतल्या जातात. काही वर्षांपूर्वी माझा मेहुणा बालाजी याने औशाच्या बसस्टँडसमोर थंड पाण्याच्या बाटल्या आणि कुल्फी विकायला दुकान टाकलं. त्याला मोठा फ्रीझर हवा होता. हप्त्यावर मिळत होता, पण पगारपत्रक हवं होतं. "दाजी, नुसतं नाव पायजे तुमचं," तो म्हणाला होता. नावाला काय लागतं? मी सह्या करून मोकळा झालो. हप्ते बालाजी भरणार होता. मी वरण-पोळी खाऊन परत आलो होतो आणि ती गोष्ट विसरून गेलो होतो.

मी फोन लावला. "बालाजी, त्या फ्रीझरचं काय झालं रे पुढं?"

"दाजी, ते कवाच मिटलं."

"मिटलं म्हणजे? हप्ते सगळे भरलेस ना?"

"मिटलं म्हणलालो की दाजी. अण्णांनी मिटवलं. तुम्ही फिकीर करू नका."

जी गोष्ट मिटली असं तीनदा सांगितलं जातं, तिची फिकीर करायची असते. मी रविवारी पहाटेची बस धरली. लोह्यात बस थांबली, अहमदपुरात थांबली, लातूरला उतरून औशाची धरली. सगळ्या वाटेवर नांगरून पडलेली काळी रानं, बांधावर एखादं बाभळीचं झाड, त्याच्या मुठीएवढ्या सावलीत दाटीने उभी जनावरं. मी मनात उलटतपासणीची तयारी करत होतो. बालाजीने हप्ते बुडवले असणार. कबूल कसं करवायचं?

अण्णा म्हणजे माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणतो, सगळा औसा तालुका अण्णा म्हणतो. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंत, धोतर पांढरंशुभ्र, आणि आयुष्यभराचा उद्योग एकच, भांडणं मिटवणं. बांधाचं भांडण, वाटणीचं, सोयरीक मोडल्याचं, विहिरीच्या पाळीचं, काहीही असो, लोक अण्णांकडे येतात. त्यांची पद्धत ठरलेली. दोघांना समोरासमोर बसवायचं. दोघांना थकेपर्यंत बोलू द्यायचं, मध्ये एक शब्द बोलायचा नाही. मग थोडं याचं कापायचं, थोडं त्याचं. शेवटी आतून चहा मागवायचा, तोही एकच. कप एकाच्या हातात द्यायचा आणि बशी दुसऱ्याच्या. दोघांनी तो अर्धा अर्धा प्यायला की मिटलं. त्यानंतर तो विषय जो काढेल त्याला गावात कुणी बसा म्हणत नाही. सख्खे भाऊ वर्षानुवर्षं तोंड न बघता राहिलेले मी त्या ओसरीवर एकाच चहात फुंकर घालताना पाहिले आहेत.

मी पोहोचलो तेव्हा ओसरीवर तो फ्रीझर होता. पांढरा, लांब, शवपेटीसारखा. दर उन्हाळ्यात मी त्याच्यावर बसून आंबे खाल्ले होते आणि तो कुठला आहे हे कधी मनात आलं नव्हतं. झाकण उघडून पाहिलं. आत गळ्यापर्यंत ज्वारी.

"बंद पडून लई दिस झाले," सासूबाई म्हणाल्या. "पण उंदीर शिरत न्हाई. कणगीपेक्षा बरा."

मामांना विचारलं. त्यांचा चेहरा असा खुलला की माझी उलटतपासणी तिथेच संपली. कुणीतरी विचारावं याची ते वाट पाहत होते.

"त्याचं आसं झालं, जावईबापू. मशीन पडली बंद. बाल्यानं हप्ते थांबवले. एक दिस वसुलीवाला आला दारात, मोटारसायकलवर. तुमचं नाव घेऊन वरडायला लागला. म्हणला, त्यांना फोन लावला तर उचलत न्हाईत."

हे खरं होतं. अनोळखी नंबर मी उचलत नाही. तत्त्व म्हणून.

"मी म्हणलं, बाबा, वरडू नको, बस. उन्हाचा आलायस. त्याला बोलू दिलं. दीड घंटा बोलला. मंग मी म्हणलं, मशीन तुमची बंद पडली, त्याचं तुम्ही सोसा. पैसे आमच्या पोरानं थांबवले, त्याचं आम्ही सोसतो. हाफिसात फोन लावला त्यानं. निम्म्यात मिटवलं." मामांनी आवाज खाली आणला. "कप त्याला दिला. बशीत मी घेतला. जावयाच्या नावावर डाग ठिवला न्हाई. तुम्हाला सांगितलं न्हाई कामून, तर उगं मनाला लावून घ्याल म्हणून."

मंगलच्या वडिलांनी माझ्यासाठी एवढं केलं होतं, आणि मी त्यांच्या पोरावर संशय घेत अहमदपुरापासून सवाल घोकत आलो होतो. मला भरून आलं. मी फ्रीझरवर बसून दोन आंबे खाल्ले आणि नांदेडला परत आलो. मग जुनं प्रकरण मिटलंय, हे सांगायला ताठ मानेने बँकेत गेलो.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. बशीचं ऐकून हसल्याही. मग म्हणाल्या, "सर, अडचण तीच आहे."

"कोणती?"

"तडजोड. कर्ज पूर्ण फेडलं तर नोंद बंद होते, विषय संपतो. हप्ते उशिरा भरले असते तरी हळूहळू सुधारलं असतं. पण कमी पैशात मिटवलं, की तशी वेगळी नोंद राहते. वर्षानुवर्षं. पुढची बँक ती बघते आणि म्हणते, या माणसाने एकदा पूर्ण दिलं नाही, पुन्हा देणार नाही."

ज्या गोष्टीसाठी औसा तालुका एका माणसाला दारातून उठून नमस्कार करतो, त्याच गोष्टीसाठी बँकेने माझं नाव काळ्या यादीत घातलं होतं.

उपाय सोपा होता. फ्रीझरसाठी कर्ज देणाऱ्या कंपनीच्या लातूरच्या ऑफिसात जायचं, सोडून दिलेली निम्मी रक्कम भरायची, पूर्ण फेडल्याचं पत्र घ्यायचं, नोंद बदलून घ्यायची. आणि मग थांबायचं. स्कोअर गवतासारखा एका पावसात उगवत नाही. तोवर कुणाला आपलं नाव द्यायचं नाही. कंपनीला फक्त जुन्या तडजोडीचा कागद हवा होता. तो मामांच्या ट्रंकेत होता, इस्त्रीच्या धोतरांच्या घडीखाली.

"मी तो गुपचूप काढून आणतो," मी मंगलला म्हणालो. "मामांना कळायची गरज नाही."

"माझ्या बापाची ट्रंक उघडायची?" ती म्हणाली. "तुम्हाला स्कोअर कमी पडला त्ये बरंच झालं."

सांगितलं तिनेच. मी ओसरीवर फ्रीझरला टेकून उभा होतो. मामांनी पूर्ण ऐकलं. आधी त्यांना बँकेचाच संशय आला, मग त्या वसुलीवाल्याचा. "कप दिलता की मी त्याला," ते एकदा म्हणाले. सासूबाई आत गेल्या आणि उगाचच चहा टाकला. तो कुणी प्यायला नाही.

लातूरच्या ऑफिसात मामा स्वतः आले. पैसे मी काढले तर त्यांनी माझा हात खाली केला. कमरेच्या पिशवीतून नोटा काढून त्यांनी काउंटरवर ठेवल्या. तिथल्या मुलाने त्या मोजल्या, पावती दिली, पत्र पंधरा दिवसांत येईल म्हणाला. एवढंच. बसा म्हणालं नाही कुणी. जिना उतरताना मामा मध्येच थांबले, भिंतीला हात लावला आणि परत चालू लागले. मला वाटलं उन्हाने असेल.

मृग आला आणि स्कोअर तिथेच. मास्तरांकडे परभणीची गाडी परत येऊन गेली. मी मामांना फोन केला. म्हटलं, मामा, तुम्ही एकदा मास्तरांशी बोला, दसऱ्यापर्यंत थांबवा, तुमच्यासारखं कुणाला जमत नाही. पलीकडे त्यांनी आधी कोंबड्या हाकलल्या.

"मला नका इचारू, जावईबापू," ते म्हणाले. "मी काही मिटवलं की पुढं कुठं काय लिवलं जातंय, काय माहिती."

तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. घराची नाही.

मास्तरांना मंगलने थांबवलं. तिची पद्धत तिची. मृगाचा पाऊस चार थेंब पडून दडी मारून बसला होता आणि उकाड्याने माणसं बेजार झाली होती. ती एका दुपारी छोटा हत्ती टेम्पो भाड्याने करून आली, कूलर वर चढवला आणि मास्तरांच्या दारात उतरवला. "काकू, तुमच्या मागच्या खोलीत लई गरम होतंय म्हणलात ना. आमच्या घरात नुसता पडून हाय. तुम्ही वापरा पुण्याला जाईस्तोवर." कूलर त्या खिडकीत शिरला तो असा, की नखही बसेना फटीत. मास्तर त्यासमोर बसले. मास्तरीणबाई बसल्या. दोघांनी गोधड्या घेतल्या. पुढच्या वेळी परभणीची मंडळी घर बघायला आली, तेव्हा त्यांनी विचारलं, खिडकीत हे काय आहे. मास्तर म्हणाले, "ते दुसऱ्यांचं आहे." आणि त्यांच्याच लक्षात आलं, की घरही आता तसंच वाटायला लागलंय. त्यांनी पुण्याला फोन करून मुलाला सांगितलं, दसऱ्यानंतर येतो.

आम्ही मात्र तो उरलेला उकाडा ओली चादर अंगावर घेऊन काढला. मंगल चादरीतून म्हणायची, "तिथं बसलाय ना नीट?" मी म्हणायचो, "बसलाय."

दसऱ्याच्या आधी मॅडमचा फोन आला. अनोळखी नंबर. मी उचलला. इतकं मी सुधारलो होतो. साडेसातशे नव्हते झाले, थोडे कमी होते, पण नोंद स्वच्छ झाली होती आणि तेवढ्यावर भागलं.

आता काल आणलेल्या गवताच्या ताट्या मी आज सकाळी स्वतः बसवल्या. कूलर त्याच खिडकीत आहे. विहिरीकडून वारा आला की बंद असतानाही गार झुळूक आत येते. मामा चार दिवसांसाठी औशाहून आलेत. घर झाल्यापासून पहिल्यांदाच. बालाजीने त्यांना सोडलं आणि जाता जाता हळूच मला म्हणाला, "दाजी, अण्णा आजकाल बसतच न्हाईत लोकांत. चुलत्यांचं बांधाचं भांडण घेऊन लोक आले, तर म्हणले, कोर्टात जावा."

दुपारी जेवणं झाली. मामांना कूलरसमोर बसवलं. मंगलने चालू केला, बस सुटल्यासारखा आवाज झाला, ओल्या गवताचा तो वास खोलीभर पसरला. मास्तरांनी पुण्याहून फोन करून त्यांच्या खिडकीची चौकशी केली, ते ऐकून आम्ही हसलो. मंगलने एक चहा आणला. मुद्दाम एकच. कप वडिलांच्या हातात दिला आणि बशी माझ्यापुढे धरली. मी बशीत घेतला, फुंकर घातली. मामांनी कप तोंडापाशी नेला आणि तिथेच थांबवला. खोलीत नुसती घरघर. ते कूलरकडे बघत होते, आमच्याकडे नाही, आणि कुणी काहीही विचारलेलं नसताना, एकदम, मोठ्याने म्हणाले:

"मंग मी आजपातूर जेवढी भांडणं मिटवली, त्या समद्यांच्या नावाम्होरं बी कुठंतरी आसंच लिवून ठिवलंय का?"